राबाला माती

आमच्या नदीकाठच्या शेतात आता गवतही धड उगवत नाही. कर्जतहून खोपोलीकडे जाताना रस्त्याच्या खालच्या अंगाला ते दिसतं. नवीन माणूस हमखास विचारतो, एवढी सपाट जागा, नदी उशाला, मग पडीक का? मी सांगायचं टाळते, कारण सांगायला लागले की माझा आवाज चढतो आणि समोरच्याला वाटतं, मी त्याच्यावरच ओरडते आहे. म्हणून आज लिहूनच टाकते. कागदावर आवाज चढला तरी कोणी कानावर हात ठेवत नाही.

ते शेत म्हणजे आमच्या घराचं पोट होतं. वरच्या अंगाला आमची आणखी दोन-तीन खाचरं होती, पण ती उथळ, दगडी बांधांची, पावसानं जरा ओढ दिली की भेगाळणारी. खरा भात खालच्या शेतात. त्याची माती काळसर, लोण्यासारखी, आणि तिच्याखाली चिकट मातीचा एक थर होता. पाणी एकदा भरलं की त्या थरावर आठवडाभर तसंच उभं राहायचं. त्या थराच्या खाली मात्र सगळे गोटे आणि रेती. नदी कधीकाळी तिथून वाहत असणार. ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती आणि तिचा कुणालाच काही उपयोग नव्हता.

सत्तरच्या सुमाराला तो उपयोग निघाला. खोपोली, साजगावकडे कारखान्यांची बांधकामं जोरात सुरू झाली होती, आणि सिमेंटात घालायला गोटा-रेती हवी होती. एक ठेकेदार जीपमधून आला, नदीकाठानं फिरला, एक-दोन ठिकाणी खणून पाहिलं आणि आमच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांशी बोलून गेला. त्यांनी आपापली शेतं खणायला देऊन टाकली. काही अट नाही, काही नाही. खणा आणि न्या. बघता बघता आमच्या डाव्या हाताला एक खड्डा आणि उजव्या हाताला एक खड्डा झाला. ट्रक भरून निघायचे ते थेट खोपोलीच्या शिळफाट्याकडे.

बाबा त्या दोन खड्ड्यांमध्ये आपल्या बांधावर उभे राहून विचार करायचे. मला तेव्हा वाटायचं, ते मोहात पडलेत. तसं नव्हतं. त्यांना दिसत होतं की दोन्ही बाजूंनी जमीन कापली गेली की मधल्या शेतातलं पाणी झिरपून खड्ड्यांत जाणार. शेत द्या किंवा देऊ नका, ते मरणारच. मग त्यांनी ठरवलं की द्यायचं, पण आपल्या पद्धतीनं द्यायचं, आणि परत घ्यायचं.

ठेकेदाराचा तेव्हाचा इंजिनीअर पुण्याकडचा होता, वयानं माझ्याएवढाच. चांगला माणूस. आमच्या ओटीवर बसून भाकरी खायचा. बाबांनी त्याच्याबरोबर शेतात बांबूच्या खुंट्या ठोकल्या आणि शेताचे तीन पट्टे पाडले. बेत असा होता. पहिल्या पट्ट्याची वरची माती काढायची आणि आमच्या वरकसावर, म्हणजे शेताच्या वरच्या उंच माळावर, ढीग घालून ठेवायची. खालची चिकट माती वेगळी. मग गोटा काढायचा. खड्डा झाला की तो दगड-मुरुमानं भरायचा, आणि दुसऱ्या पट्ट्याची चिकट माती आणि काळी माती उचलून थेट या पहिल्यावर पसरायची. तिसऱ्याची दुसऱ्यावर. शेवटच्या पट्ट्यावर माळावरचा ढीग. म्हणजे एका वेळी एकच पट्टा उघडा, आणि माती जास्त दिवस बाहेर राहायची नाही. इंजिनीअर खूश झाला. त्यानं ते ठेकेदाराकडून अटींमध्ये घालून घेतलं.

गावात हसले. ‘मातीची पालखी काढतोय,’ असं बाबांचा चुलतभाऊ पारावर बसून म्हणायचा. त्याला आम्ही काका म्हणायचो. त्याचं शेत आमच्या वरच्या अंगाला होतं, गोट्याच्या पट्ट्याबाहेर, म्हणून ते वाचलं होतं. वाचलं म्हणून त्याला वाटायचं की हे त्याचं शहाणपण.

मी तेव्हा दहिवलीच्या शाळेत शिकवत होते. लग्न झालं नव्हतं. स्थळं यायची, पण माझं तोंड बघून नाही, ऐकून परत जायची. आईच्या तोंडून दिवसभरात जेमतेम चार वाक्यं निघायची. तिच्या वाट्याचं बोलणंही माझ्याकडेच आलं असावं. बाबा या दोघींच्या मधले. बोलायचे, पण कुणाचं मन मोडेल असं काही नाही. गावात त्यांना भला माणूस म्हणत. भला माणूस घरात असणं काय असतं, हे भल्या माणसाच्या घरच्यांना विचारावं.

पहिला पट्टा ठरल्याप्रमाणे निघाला. डोंगराकडच्या आदिवासी वाडीवरच्या बायका पाट्या भरून माती डोक्यावरून माळावर टाकायच्या. बाबा ढिगाच्या पायथ्याला दगडांची रांग लावत होते, पावसात माती वाहून जाऊ नये म्हणून. वरून पेंढा अंथरायचे. त्या ढिगाची निगा त्यांनी गोठ्यातल्या गाभण गाईसारखी ठेवली होती. रोज संध्याकाळी एक फेरी.

मग इंजिनीअरची दुसऱ्या कामावर बदली झाली, आणि त्याच्या जागी एक मुकादम आला. त्याला पट्टे-बिट्टे काही कळत नव्हतं, किंवा कळत होतं आणि वळवून घ्यायचं नव्हतं. कारखान्याकडून घाई होती. त्यानं तिन्ही पट्टे एकदम उघडले. खुंट्या उपटून चुलीला गेल्या. काळी माती, चिकट माती, सगळी एकत्र खरवडून माळावर. मी शाळेतून आले तेव्हा शेताच्या जागी एक मोठा खड्डा होता आणि माळावर डोंगर. बाबा ठेकेदाराच्या जीपपाशी उभे होते. ठेकेदार हसत हसत म्हणत होता, ‘माती तुमचीच, तुमच्याच जागेत, तुमच्या डोळ्यांसमोर. पळून जातेय का?’

बाबांना ते पटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, अट मोडली, काम थांबवा. बाबा म्हणाले, थांबवलं तर उघडा खड्डा आपल्या गळ्यात पडंल, त्यापेक्षा त्यांना लवकर आटपू दे. हे बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणून जास्त राग आला. चुकीच्या माणसाशी भांडता तरी येतं.

आता राबाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे भाताचं रोप करायचं ती जागा उन्हाळ्यात भाजून घेतात. आधी शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर पातेरा म्हणजे वाळका पाला आणि गवत, आणि सगळ्यांत वर बारीक भुसभुशीत मातीचा थर. मग वाऱ्याच्या उलट्या बाजूनं आग लावायची. वरच्या मातीमुळे आग भडकत नाही, धुमसत राहते, जमीन खोलवर भाजते, तणाचं बी मरतं. याला राब म्हणतात. यात सगळ्यांत जिकिरीचं काम त्या बारीक मातीचं. चैत्रात जमीन दगडासारखी झालेली असते. बायकांनी कुदळीनं बांध खरवडायचे, ढेकळं मोगरीनं फोडायची, हातांना फोड येईपर्यंत. म्हणूनच असेल, पण गावात एक रीत होती. राबाला माती लागली तर ती कुणाच्याही बांधावरून, कुणाच्याही माळावरून घ्यावी. विचारायचं ते नावाला. नाही म्हणायचं नाही. तहानलेल्याला पाणी नाकारावं तसं ते समजलं जायचं.

बांधावरून खरवडलेल्या एका पाटीनं कुणाचं काय जातं? रीत चांगलीच होती. पण ती रीत घालून देणाऱ्यांनी कधी माळावर आख्खं शेत ढीग करून ठेवलेलं पाहिलं नव्हतं.

पहिल्या उन्हाळ्यात एक म्हातारी आली. ढिगाची माती आयती मोकळी, खडा नाही, ढेकूळ नाही. तिनं पाटी भरली, बाबांना दुरून हात केला आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिची शेजारीण. त्या आठवड्यात निम्मं गाव. मोगरी घेऊन ढेकळं फोडणारी बाई त्या वर्षी गावात औषधालाही दिसली नाही. मी बाबांना म्हणाले, ढिगाला काटेरी कुंपण घाला.

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. ‘राबाच्या मातीला कुंपन घालायचं? लोक काय म्हनतील गं?’

मी म्हणाले, लोक काय म्हणायचं ते म्हणतील, आपण काय खायचं?  आई चुलीपाशी होती. तिनं फुंकणी जरा जोरात आपटली. ते मी माझ्या बाजूचं मत धरलं.

अटीप्रमाणे ठेकेदारानं वर्षभरात खड्डा भरून द्यायचा होता. भरला नाही. गोटा संपेना, त्याची हाव संपेना, कारखाने संपेनात. आणखी खोल गेला. शेताचं ठरलेलं भाडं मात्र वेळेवर यायचं, त्याबद्दल तक्रार नाही. त्यामुळे बाबांना बोलायला तोंड राहायचं नाही. आणि ढीग माळावर तसाच. तसाच म्हणजे, पावसानं थोडा, आणि गावानं बाकीचा.

दुसऱ्या उन्हाळ्यात काका बैलगाडी घेऊन आला.

रीत पाटीची होती. डोक्यावर जेवढी मावते तेवढी. गाडीची रीत मी तरी ऐकली नव्हती. काकानं फळ्या लावून गाडी भरली, खाली गेला, रिकामी करून परत आला. त्याची सून आणि मुलगा फावडी मारत होते. बाबा बघत उभे. वर काकाला तंबाखू दिली. मी शाळेच्या साडीतच धावत गेले. मी विचारलं, काका, राबाला माती नेताय की घराची जोती भरताय? तो म्हणाला, ‘मास्तरीनबाई, रोपाची जागा जरा खोलगट हाय. एकदाच भरून घेतो, मग दरसाली तरास नाय.’ आणि बाबांकडे बघून हसला. बाबाही हसले. त्या दोघांचं हसणं मला अजून दिसतं, आणि दिसलं की हातातलं भांडं आपटावंसं वाटतं.

त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट. वाडीवरची एक बाई पाटी घेऊन ढिगापाशी आली. डोंगरउतारावर तिची नाचणी असायची, तिलाही राब करायचा होता. हीच बाई खड्ड्यातून ही माती डोक्यावर वाहून इथे टाकणाऱ्यांपैकी. काकाच्या मुलानं तिला हटकलं. म्हणाला, ही गावाची माती हाय, वाडीनं आपली डोंगरावर बघावी. गावाची! आमचं शेत कधी गावाचं झालं, हे मला त्या पोराच्या तोंडून कळलं. मी जाऊन तिची पाटी स्वतः भरून दिली. ती पाटी घेऊन निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन आली. दोघींनी दोन दोन खेपा केल्या. मग मला त्यांचाही राग आला. राग काही जातपात बघून येत नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत ढिगाची जागा उरली होती, ढीग नव्हता. पायथ्याला लावलेली दगडांची रांग तेवढी शाबूत. लोक आता तळाशी खरवडत होते आणि खाली कातळ लागला की नाराज होऊन आमच्याकडेच बघायचे.

आणि नेमका त्याच वेळी ठेकेदार शब्दाला जागला. त्याचं काम संपलं होतं. साजगावकडून विटांचे तुकडे, फुटकं काँक्रीट, राख असं जे मिळेल ते ट्रकनं आणून त्यानं खड्डा भरला, वरून मुरूम टाकून रोलर फिरवला. मग मुकादम माळावर आला, उरलेल्या मातीकडे बघितलं आणि ती उचलून शेतावर पसरून दिली. शेताचा एक कोपरा काळा झाला. बाकी सगळा लाल मुरूम. बाबा म्हणाले, माती पुरेशी नाही. मुकादम म्हणाला, ‘अटीत माती पसरायची आहे. होती ती पसरली. नव्हती ती मी कुठून आणू?’

  मुकादम बरोबर होता. आयुष्यात मला इतका संताप कधी आला नसेल. ज्या माणसानं आमचा सगळा बेत उधळला, पट्टे मोडले, दोन प्रकारची माती एकत्र केली, वर्षं फुकट घालवली, तो शेवटी बरोबर निघाला. आणि त्याला बरोबर कुणी ठरवलं? पाट्या घेऊन आलेल्या आमच्याच माणसांनी. कुणी चोरी केली नव्हती. दिवसाढवळ्या, रीतीप्रमाणे, हसतखेळत एक शेत उचलून नेलं होतं. आणि प्रत्येकाला वाटत होतं, मी तर एकच पाटी नेली.

माती काही हवेत उडाली नव्हती. ती कुठे होती हे सगळ्या गावाला दिसत होतं. प्रत्येकाच्या रोपाची जागा वीत-दीड वीत उंच झाली होती. काकाची तर बांधाच्या वर आली होती. लाल जमिनीत तो काळा चौकोन लांबूनही ओळखू यायचा. तो रंग आमच्या शेताचा होता. मी लहानपणापासून त्यात पाय बुडवले होते, मला तो ओळखायला पंच लागत नव्हते.

एका रविवारी मी फावडं आणि पाटी घेतली आणि काकाच्या रोपाच्या जागेत जाऊन माती भरायला सुरुवात केली. काका धावत आला.

‘काय चाललंय गं?’

‘माझी माती नेते आहे.’

‘तुजी? मातीवर काय नाव लिवलंय का?’

‘रंग बघा काका. आणि मग तुमच्या शेताचा रंग बघा.’

त्याची नजर खाली मातीकडे गेली. तोवर पारावरची माणसं, घरातल्या बायका, सगळे बांधाबांधानं जमले होते. या सगळ्यांच्या जागा उंच झाल्या होत्या. काकानं त्यांच्याकडे बघितलं आणि त्याला धीर आला.

‘राबाला दिलेली माती मागं मागतं का कुनी? तुज्या बापानं दिली. त्याला इचार.’

 काकाचं म्हणणं रीतीला धरून होतं, आणि ते सगळ्यांच्याच सोयीचं होतं. मी म्हणाले, रीत पाटीची आहे, गाडीची नाही. गाडीची तेवढी परत द्या, पाट्यांची मी सोडली. मला वाटलं होतं, निदान यावर तरी कुणी मान हलवील. तेवढ्यात गर्दीतून बाबा आले. माझा जीव भांड्यात पडला. मला खरंच वाटलं, आता ते बोलतील. तिथं सगळं होतं, शेत, माती, माणसं, आणि तोंड उघडायची वेळ. ते माझ्याजवळ आले, माझ्या हातातली भरलेली पाटी घेतली आणि काकाच्या जागेत परत पालथी केली.

‘पोर तापट हाय,’ ते काकाला म्हणाले. ‘मनावर घेऊ नको.’

घरापर्यंत मी त्यांच्या पुढे चालत आले, कारण त्यांच्याशेजारी चालले असते तर काय केलं असतं सांगता येत नाही. नंतर कित्येक दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनीही समजूत काढली नाही. त्यांना जिथं तिथं समजूतच काढायची सवय, पण माझी काढायला शब्द सापडत नसावेत.

मला कुणी म्हणेल की माणसांशी संबंध टिकवण्यासाठी त्यांनी तसं केलं. केलं असेल. त्या माणसांनी संबंधासाठी काय केलं, ते पुढे ऐका.

पाऊस लागला. बाबांनी शेताला नवा बांध घातला, एकट्यानं. वरच्या खाचरातलं पाणी चर काढून खाली सोडलं. पाणी आलं, शेतभर पसरलं, क्षणभर आभाळ दिसलं त्यात, आणि मग ते आमच्या डोळ्यांदेखत खाली गेलं. विटांच्या तुकड्यांतून, राखेतून, काय माहीत कुठे. धरून ठेवणारा चिकट थर राहिला नव्हता. तो काळ्या मातीत मिसळून गावभर वाटला गेला होता. सकाळी भरलेलं शेत दुपारी ओलं आणि संध्याकाळी कोरडं. तरी बाबांनी बैल घातले. चिखल करायचा तर मुरूम वर आला, आणि मुरमातून काँक्रीटचे तुकडे. एका तुकड्यानं आमच्या बैलाचा खूर चिरला. मग त्यांनी नांगर सोडला आणि हातानं, वाकून, जमेल तिथं रोप खोचलं. श्रावणात ते पिवळं पडलं.

काका बांधावर येऊन सल्ला द्यायचा. शेणखत घाल, म्हणायचा. पाण्याला दम धरू दे. गावातले बाकीचे म्हणायचे, नशीब एकेकाचं. माझ्या कानात तापलेलं तेल ओतल्यासारखं व्हायचं. नशिबाचा इथं काय संबंध? शेताची माती तुमच्या रोपाखाली आहे, तुम्ही तिच्यावर उभे राहून नशीब म्हणता!

त्या वर्षी पहिल्यांदा आमच्या घरात भात विकत आला. आईनं तो निवडला, पाखडला, धुतला, आणि शिजल्यावर स्वतःला वाढून घेतलाच नाही. ती भाकरी खाऊन उठली. 

पुढचा चैत्र आला. वरची खाचरं तरी करायची होती, म्हणजे राब करायला हवा होता. शेण होतं, फांद्या होत्या, पातेरा आईनं आणि मी गोळा केला होता. माती नव्हती. आमचे वरचे बांध दगडी. ढिगाच्या जागी कातळ उघडा पडलेला. पण रीत होती ना. बाबा पाटी घेऊन काकाच्या बांधाकडे गेले. मी अंगणात उभी होते. ते परत आले तेव्हा पाटी रिकामी होती.

मी काही विचारणार नव्हते. त्यांनीच सांगितलं, आणि माझ्याकडे बघून नाही, जोत्याकडे बघून.

‘उद्या बघू म्हनला.’

एवढंच. दुसऱ्या कुणाच्या बांधावर ते गेले नाहीत. ओटीवर जाऊन बसले आणि पाटी शेजारी ठेवली. मी त्यांना खूप काही बोलायचं ठरवून ठेवलं होतं, वर्षभर साठवलं होतं. ते सगळं तोंडात आलं आणि त्यांच्या त्या पाटीकडे बघून परत गेलं. मी फक्त म्हणाले, बाबा, उद्या म्हणजे कधी ते तुम्हाला कळलं ना? त्यांनी मान हलवली.

तेव्हा आई मागच्या दारानं आली. तिच्या हातात कुदळ होती. ती अंगणाच्या मध्यावर गेली आणि खणायला लागली.

आमचं अंगण म्हणजे तिचा जीव. दर दिवाळीआधी ती ते खणून, नवी माती घालून, धोपटून, सारवून घ्यायची. त्यावर कुणी चपला घालून आलं तर तिच्या कपाळावर आठी यायची. त्या अंगणावर ती कुदळ घालत होती. बाबा उठून म्हणाले, अगं काय करतेस. तिनं ऐकलं नाही. माती काळी निघाली. इतक्या वर्षांत दरवर्षी खालच्या शेतातूनच तर आणून टाकलेली ती. मी पाटी घेतली आणि भरायला लागले. ती खणायची, मी मोगरीनं फोडायची, भरायची, राबाच्या जागेवर नेऊन टाकायची. येणारे-जाणारे थांबायचे, बघायचे, पुढे जायचे.  अंगणात कमरेएवढा खड्डा झाला आणि आई त्यात उभी राहून खणत होती. पदर खोचलेला, केस सुटलेले.

तेवढ्यात काकाची सून रस्त्यानं जात होती. कमरेवर पाटी. खड्डा बघून ती थांबली. मला आजही वाटतं, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला राब करायचा होता, तिनं मोकळी माती बघितली, आणि जन्मापासून जे बघत आली तेच तिच्या तोंडातून आलं.

‘काकी, बरी माती लागलीया. एक पाटी न्यू का राबाला?’

ओटीवरून बाबांनी मान वर केली. त्यांचे ओठ हलले. काय येणार आहे ते मला ठाऊक होतं, आणि मी मोगरी घट्ट धरली.

आई खड्ड्यात सरळ उभी राहिली. तिनं आधी बाबांकडे बघितलं. मग त्या मुलीकडे.

‘नाय,’ ती म्हणाली.

आणि परत खणायला लागली. ती मुलगी जरा वेळ तशीच उभी राहिली. तिला वाटलं असावं की ऐकण्यात काही चुकलं. मग तिनं पाटी दुसऱ्या कमरेवर घेतली आणि रिकामीच घेऊन गेली. बाबा ओटीवर डोकं धरून बसले होते. मला त्यांची दया यायला हवी होती. मला इतकं बरं वाटलं की मी आणखी जोरात ढेकळं फोडायला लागले.